पहिलीच्या वर्गात गोष्ट आधी हवी : सातारा जिल्ह्यातल्या केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातले सर्व केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळते. आपल्याकडं एक मागणं आहे. ते माझ्या एकटीच्या शाळेपुरतं नाही, म्हणून उघड पत्र लिहितेय. पहिली-दुसरीच्या वर्गात परिपाठ झाल्यावरची चाळीस मिनिटं गोष्टीसाठी राखून ठेवू द्या. अधूनमधून नाही, रोज. आणि त्या चाळीस मिनिटांचे फोटो, व्हिडिओ, लिंक आमच्याकडं मागू नका.

गोष्ट सांगायला परवानगी कशाला, कुणी अडवलंय, असं आपल्या मनात येईल. अडवलेलं कुणीच नाही. पण वर्गातला वेळ कुठं जातो हे शाळाभेटीत काय विचारलं जातं यावरून ठरतं. आपल्यातले बहुतेक जण आधी शिक्षकच होते, तेव्हा हे मी नव्यानं सांगायची गरज नाही. भेटीत पहिला प्रश्न वाचन स्तराचा असतो. किती मुलं अक्षर स्तरावर, किती शब्दावर, किती परिच्छेदावर आणि किती गोष्टीवर. तक्ता भरायचा, मागच्या महिन्याशी ताडून पाहायचा, पुढच्या महिन्याचं उद्दिष्ट लिहायचं.

या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. मूल कुठवर आलंय ते पाच मिनिटांत समजतं, आणि वाचता न येणारं मूल पुढच्या वर्गात गुपचूप सरकत जाण्यापेक्षा ते वेळेवर कळलेलं कधीही बरं. पण हे स्तर मोजण्यासाठी आखलेले होते. आम्ही त्यांच्यावरून शिकवायला लागलो. मोजताना गोष्ट शेवटी येते, म्हणून शिकवतानाही ती शेवटी गेली. जे मूल अक्षर स्तरावर आहे त्याला सकाळपासून अक्षरंच मिळतात : अक्षरकार्ड, अक्षर गिरवणं, अक्षराला गोल करणं. ज्याला वाचता येतं ते काम लवकर संपवून वाचन कोपऱ्यात जातं आणि पुस्तक उघडतं. म्हणजे ज्याच्या घरात एकही गोष्टीचं पुस्तक नाही, ज्याची आई सकाळी रोजानं जाते आणि दिवेलागणीला परत येते, त्या मुलाला शाळेतही गोष्ट सगळ्यात उशिरा मिळते. काहींना तर ती चौथीपर्यंत मिळत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी आहे. बाकीचं पत्र त्याच्या आजूबाजूचं आहे.

चौथी-पाचवीच्या शिक्षकांना विचारून पाहा. परिच्छेद खडखडीत वाचून दाखवणारी आणि नंतर 'यात काय सांगितलंय?' म्हटल्यावर गप्प उभी राहणारी मुलं प्रत्येक वर्गात आहेत. अक्षरांची ओळख त्यांना पक्की आहे. त्यांना सवय नाही ती लांबलचक बोलणं शेवटपर्यंत धरून ठेवायची. आधी काय झालं, त्यामुळं पुढं काय झालं, समोर नसलेला माणूस, न पाहिलेली जागा, हे सगळं नुसत्या शब्दांवरून डोक्यात उभं करावं लागतं. ही सवय कानानं लागते, वाचता यायच्या कितीतरी आधी. ज्या घरात निजताना कुणी गोष्ट सांगतं तिथं ती घरीच लागते. ज्या घरात सांगणारं माणूस दमून झोपलेलं असतं, तिथल्या मुलासाठी शाळा आहे.

एक मात्र इथंच स्पष्ट करते. गोष्टी ऐकून ऐकून मूल आपोआप वाचायला लागतं असं मी म्हणत नाही. तसं होत नाही. अक्षरं आणि स्वरचिन्हं क्रमानं, नीट, रोज शिकवावीच लागतात. याबाबत आपल्याला लांब बघायची गरज नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली, पुढं कमला निंबकर बालभवन उभं केलं, आणि मराठी वाचन कसं शिकवावं याचा आयुष्यभर विचार केला. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सरळ जाण्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकत्र घ्यायचं, म्हणजे पहिल्या गटातच मुलाला अर्थ असलेले शब्द वाचता येतात, ही त्यांची रीत आज कितीतरी शिक्षक वापरतात. मीही वापरते. अक्षरगट रोज हवा आणि गोष्टही रोज हवी. दोन्हींना वेगवेगळा वेळ हवा. आज अक्षरगटाला वेळ आहे, आणि गोष्टीला उरलेला वेळ आहे. तो उरत नाही.

आता चाळीस मिनिटांत नेमकं काय करायचं, हे एका गोष्टीवरून सांगते. गोष्ट कावळा-चिमणीचीच घेते, कारण ती सगळ्यांना येते. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातही ती आहे, म्हणजे सातशेहून जास्त वर्षं मराठी घरांत कुणी ना कुणी ती सांगतंय.

पहिल्या दिवशी ती नुसती सांगायची. मध्ये प्रश्न नाहीत, शेवटी तात्पर्य नाही. तात्पर्य विचारलं की मुलं गोष्ट सोडून बाईंना हवं असलेलं उत्तर शोधू लागतात, आणि 'खोटं बोलू नये', 'मोठ्यांचं ऐकावं' या दोनपैकी एक उत्तर देऊन मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत. 'चिऊताई चिऊताई, दार उघड' हे वाक्य आता सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. तिसऱ्या दिवशी ते वाक्य खालच्या फळ्यावर लिहायचं, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर. वाक्य तोंडपाठ असतं, म्हणून मूल त्याच्यावर बोट फिरवतं आणि बोलण्याचा वेग बोटाशी जुळवू पाहतं. 'दार'वर बोट असताना तोंडात 'उघड' आलं की त्याला स्वतःलाच चुकल्यासारखं वाटतं आणि ते मागं येतं. वाचन इथं सुरू होतं. त्या वाक्यातला 'दा' आणि 'र' अक्षरगटाच्या तासाला परत भेटतात तेव्हा ते ओळखीचे झालेले असतात.

मग घरं. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, मेणाचं राहिलं, हे मुलं ऐकतात. पण माझ्या वर्गातली मुलं शेणाला चांगली ओळखतात. एकानं हरकत घेतली, "बाई, आमच्या गोठ्याची भित शेणामातीनं लिपलीया. ती कुटं पडली?" हरकत रास्त होती. म्हणून तीन घरं केली : एक नुसत्या शेणाचं, एक शेण आणि मातीचं, एक शेण-मातीत भाताचा पेंढा बारीक करून घातलेलं. तीन फुटक्या कौलांवर ठेवून वाळवली आणि प्रत्येकावर तांब्यानं पाणी ओतलं. पहिलीच्या मुलांनी प्रत्येक तांब्याला फळ्यावर एक रेघ मारली. दुसरीच्या मुलांनी रेघा मोजून कुठलं घर किती तांबे जास्त टिकलं ते काढलं. पेंढा घातलेलं सगळ्यात जास्त टिकलं. हे त्यांच्या आज्यांना माहीत होतंच. आता ते शाळेतही खरं ठरलं, याचा त्यांना केवढा अभिमान वाटला ते सांगता येणार नाही.

मेणाचं घर मेणबत्तीच्या तुकड्यांचं केलं. पाणी त्याच्यावरून ओघळून गेलं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "उन्हात ठिवूया की." मार्चचं ऊन होतं. पत्र्यावर ठेवलेलं मेणाचं घर दुपारच्या सुट्टीपर्यंत मऊ होऊन एका बाजूला कललं. दुसऱ्या दिवशी वर्गात नवी गोष्ट जन्माला आली : उन्हाळा आला, चिऊताईचं घर वितळायला लागलं, आणि ती कावळेदादाच्या दारात गेली. कावळेदादानं तिला किती वेळ दारात उभं ठेवायचं यावर मुलांत जोराचं भांडण झालं. काहींचं म्हणणं, तिनं त्याला ताटकळत ठेवलं होतं तेवढाच वेळ. एकीचं म्हणणं, तिची पिल्लं लहान आहेत, लगेच घ्यावं. भूमिका बदलून दोन्ही शेवट करून पाहिले. कुठला बरोबर हे मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी मुलांनीच ते आपापसात मिटवलं.

या एका गोष्टीवर दोन आठवडे जातात. भाषा, गणित, परिसर, चित्रकला, नाट्य, सगळं त्यात येतं, आणि ते मला ओढून ताणून आणावं लागत नाही. टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीत, लिहायला अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते) शोधाव्या लागत नाहीत, त्या जागेवरच असतात. हट्ट एवढाच करावा लागतो की गोष्ट बदलायची घाई करायची नाही. रोज नवी गोष्ट सांगितली की मुलं खूष होतात, पण तिच्या आत शिरत नाहीत.

आमच्या भागात ही गोष्ट जपून सांगावी लागते, हेही लिहिते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गेली, वस्त्या उठल्या. पावसात घर जाणं म्हणजे काय हे इथल्या घरांत बोललं जातं, मुलांच्या कानावर पडतं. वर्गात कोण बसलंय हे पाहून सांगणाऱ्यानं आवाज आणि शब्द ठरवायचे असतात. पण म्हणून गोष्ट टाळायची नाही. घर गेल्यावर दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ कशी असते, दार उघडणाऱ्यानं काय करायला हवं, यावर सहा वर्षांच्या मुलाला बोलायचं असतं, फक्त त्याला ते थेट विचारलेलं चालत नाही. कावळ्याच्या नावानं ते बोलतं. मोबाइलवर लावलेल्या गोष्टीला हे कळणार नाही. म्हणून गोष्ट शिक्षकानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवी, असा माझा आग्रह आहे. व्हिडिओ चांगले असतात, नाही असं नाही. पण व्हिडिओ मुलाच्या चेहऱ्याकडं बघून थांबत नाही.

ऐकण्याइतकंच सांगणंही महत्त्वाचं. व्हिव्हियन गसिन पेली नावाच्या एक शिक्षिका अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या 'लॅबोरेटरी स्कूल्स' नावाच्या शाळेत वर्षानुवर्षं बालवर्गाला शिकवत होत्या. २०१९ मध्ये त्या गेल्या. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की आपल्या कुठल्याही शाळेत उद्यापासून करता येईल. मूल गोष्ट सांगतं, शिक्षक ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवतो, आणि त्याच दिवशी वर्ग ती गोष्ट करून दाखवतो. कोण काय होणार हे सांगणाऱ्या मुलानं ठरवायचं. लागतं ते कागद-पेन्सिल आणि जमिनीवर खडूनं आखलेला एक चौकोन. मी रोज दोन मुलांच्या गोष्टी घेते. 'माजी म्हस हरावली. ती बांदाव नवती. मग आबा बॅटरी घिऊन गेलं.' इतकीच असते. मी 'म्हस'च लिहिते, 'बांदाव'च लिहिते. मूल ते आपल्या डोळ्यांनी बघतं : आपण बोललो ते लिहिलं गेलं, आणि बाईंनी ते परत वाचलं तर तेच ऐकू आलं. लिहिणं कशासाठी असतं हे याहून सोपं करून मला सांगता येत नाही. प्रमाण मराठी नंतर येते, आणि न दुखवता येते, कारण पुस्तकातल्या गोष्टी तिच्यातच असतात आणि मुलांनी त्या शेकडो वेळा ऐकलेल्या असतात. पहिल्याच महिन्यात 'म्हस नाही, म्हैस' म्हणून टोकलं की मूल गोष्ट सांगायचंच थांबतं. मग त्याच्याकडून काहीच लिहून घेता येत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी या रीतीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत दोन शिक्षकांच्या शाळा वाड्यावस्त्यांवर पसरलेल्या आहेत. एका खोलीत दोन-दोन, कधी सगळ्या इयत्ता. पाठ्यपुस्तकाचा पाठ पहिलीला वेगळा, दुसरीला वेगळा. एकीकडं शिकवताना दुसरीकडं मुलांना काहीतरी गिरवत ठेवावं लागतं. गोष्ट मात्र सगळ्यांना एकच चालते. पहिली चित्र काढते आणि त्याखाली एक शब्द लिहिते, दुसरी चार वाक्यं लिहिते, आणि तिसरी-चौथी बसलेली असली तर ती गोष्टच बदलून लिहितात. मोठी मुलं लहानांची वाक्यं उतरवून घेतात, तेही लेखनच असतं. शिक्षकाचे दोन तुकडे होत नाहीत. बहुवर्ग अध्यापनावर आपण इतकी प्रशिक्षणं घेतो. त्यातला एक दिवस फक्त या कामाला दिला तरी पुष्कळ होईल.

गावातली माणसं वर्गात आणायलाही गोष्टीसारखा दुसरा रस्ता नाही. पालकसभेला न येणारी आजी गोष्ट सांगायला बोलावली की येते, आणि नातवंडाच्या वर्गात पहिल्यांदाच खुर्चीवर बसते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो. भांडी कशी पडली, माणसं अंगणात कशी झोपली, कुणाच्या म्हशीनं दावं तोडलं. कोयनेच्या धरणात जमिनी गेल्या त्या घरांत गाव सोडल्याच्या गोष्टी आहेत. या गोष्टी पहिलीच्या पुस्तकात नाहीत, असायलाही नकोत, पण त्या पहिलीच्या वर्गात येऊ शकतात. भूकंपाची आठवण ऐकल्यावर मुलांनी बाकाखाली कसं शिरायचं, दारातून रांगेनं कसं बाहेर पडायचं हे ज्या गंभीरपणे केलं, तसं आपत्ती व्यवस्थापनाच्या तक्त्यावरून कधी केलं नव्हतं. माण-खटावला दुष्काळाच्या आणि चारा छावणीच्या गोष्टी असतील, वाईला बगाडाच्या, खंडाळ्याला नायगावच्या सावित्रीबाईंच्या. प्रत्येक केंद्रानं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटानं, आपापल्या भागातल्या सांगणाऱ्या माणसांची एक यादी केली तरी मोठं काम होईल. त्यांना सन्मानानं बोलवा, चहा द्या. शाल-श्रीफळ आणि फ्लेक्स नको.

आता वेळेचा हिशोब, कारण अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार हा प्रश्न येणारच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. रोज ४० मिनिटं धरली तर वर्षाला सुमारे १३३ तास होतात, म्हणजे एकूण वेळेचा सहावा हिस्सा. आणि हा वेळ भाषा-गणितातून काढून घेतलेला नाही, तो भाषा-गणितालाच मिळालेला आहे. तांब्यांच्या रेघा हे गणितच होतं.

हे धोरणाबाहेरचंही नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा धरतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात गप्पा, गोष्टी, खेळणी, गाणी, चित्रं ही शिकवण्याची साधनं म्हणून मांडलेली आहेत, आणि भाषेच्या कामात मौखिक विकासाला वाचन-लेखनाच्या बरोबरीचं स्थान दिलंय. महाराष्ट्रात पहिलीला २०२५-२६ पासून नवा अभ्यासक्रम लागू करायचं ठरलं. म्हणजे कागद आमच्या बाजूनं आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्यही आकलनासह वाचनाचं आहे, नुसत्या वाचनाचं नाही. शाळाभेटीचा तक्ता तेवढा मागं राहिलाय, आणि तो बदलणं आपल्या हातात आहे.

२०२४ मध्ये शाळांत आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी मुलांना आवडतील असे उपक्रम घ्यायचा कार्यक्रम, आला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. त्यामुळं निदान एका दिवशी मुलं मोकळी बसू लागली. पण पहिलीच्या मुलाला गोष्ट शनिवारी आणि अक्षर सोमवार ते शुक्रवार, अशी वाटणी झाली तर गोष्ट ही कामानंतरची मजा आहे, एवढंच ते शिकेल. सहा वर्षांच्या मुलाचं काम आणि मजा वेगळी काढता येत नाही.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे सगळ्यात जास्त त्रास देतं. गोष्ट रंगात आलेली असते, मुलं पुढं सरकत सरकत माझ्या पायांपर्यंत आलेली असतात, आणि मला मोबाइल काढून उभं राहावं लागतं. मुलांना लगेच कळतं. ती फोटोसाठी सरळ बसतात. गोष्ट तिथं तुटते, आणि जोडायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. एका ओळखीच्या शिक्षिकेनं सांगितलं की तिच्या वर्गातली मुलं कथाकथनाचा खेळ खेळताना सुरुवातीलाच 'आधी फोटो' म्हणतात. कुठली शाळा ते महत्त्वाचं नाही. असं कुठंही होऊ शकतं. आपल्याला पुरावा हवा असणं मी समजू शकते. आपल्यालाही वर उत्तर द्यायचं असतं. म्हणून पुरावा कसा पाहता येईल तेही सांगते.

भेटीला आलात की वर्गात मागं बसा आणि गोष्ट पूर्ण ऐका. मग ज्या मुलाचा स्तर 'अक्षर' लिहिलाय त्याला जवळ बोलवा आणि विचारा, पुढं काय झालं असेल? ते किती वाक्यं बोलतं, 'मग', 'म्हणून', 'पण' हे शब्द वापरतं का, गोष्टीतल्या पात्राला काय वाटलं असेल हे सांगू शकतं का, ते बघा. मुलांनी सांगितलेल्या गोष्टींचा गठ्ठा प्रत्येक वर्गात असेल. त्यातलं एकाच मुलाचं जूनमधलं पान आणि फेब्रुवारीतलं पान शेजारी ठेवून वाचा. वाढ दिसली नाही तर मला जरूर विचारा, मी उत्तर देईन. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या नोंदींसाठीही याहून खरी सामग्री मिळणार नाही. वाचन स्तराचा तक्ता राहू द्या. त्याला एकच रकाना जोडा : मूल गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगतं का?

पालकांच्या बाबतीतही आपली साथ लागेल. 'मुलं नुसती खेळतात, शेजारच्या इंग्रजी शाळेत बघा पहिलीला किती वह्या भरतात' असं ऐकावं लागतं. पहिलीपासूनच्या खासगी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं गावोगाव आली आहेत, आणि पर्यायाला गोल करणं म्हणजे हुशारी असं आईवडलांना वाटू लागलंय. त्यांना दोष देत नाही. जिथं पट कमी झाला की शाळेवरच गदा येते तिथं एकट्या शिक्षकाला पालकांशी वाद घालणं परवडत नाही. पण केंद्रप्रमुख पालकसभेत येऊन 'हे खेळणं नाही, याच्यातूनच तुमचं मूल वाचायला लागणार आहे' असं म्हणाले तर त्या शब्दाला वजन असतं. आपण ते म्हणावं.

पुस्तकांचंही बघायला हवं. पाचगणीजवळच्या भिलारला मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, आपल्या जिल्ह्याचं ते भूषण आहे. पाटणच्या वाडीतलं पहिलीचं मूल तिथं पोचणं अवघड, तर पुस्तकांनी त्याच्या वाडीला यायला हवं. केंद्राच्या पातळीवर मोठ्या चित्रांच्या, कमी मजकुराच्या मराठी पुस्तकांच्या पाच-सहा पेट्या केल्या आणि दर महिन्याला शाळाशाळांत फिरवल्या तर खर्च फार येणार नाही. अट एक, पुस्तकं फाटली तर शिक्षकाकडून वसुली नको. वसुलीच्या भीतीनं चांगली पुस्तकं कपाटात कुलपात राहतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिथं मुलं पुस्तक हाताळतात तिथं ते फाटतंच.

कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं तेव्हा असं काम प्रयोगशील शाळांनाच जमतं असं म्हटलं जाई. आजही कुणी तसं म्हणतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत ते जमणार नाही असं मला वाटत नाही. आपल्या कितीतरी शिक्षक-शिक्षिका आजही दार लावून का होईना, गोष्ट सांगतात. त्यांना दार उघडं ठेवून सांगता यावी, एवढीच व्यवस्था हवी.

तेव्हा पहिलं पाऊल म्हणून एवढं करा. पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सूचना आणि माहितीच्या तक्त्यांच्या आधी, सुरुवातीची चाळीस मिनिटं केंद्रातल्या एका शिक्षकाला गोष्ट सांगायला द्या, आणि बाकीच्यांनी त्यावर आपल्या वर्गात काय करता येईल ते बसून लिहावं. तीन महिने करून पाहा. फलटणच्या डाएटमधले, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले, सहकारी यात मदत करतील अशी मला आशा आहे. आमच्या केंद्रात पहिली गोष्ट सांगायला मी तयार आहे. दुसऱ्या केंद्रात बोलावलंत तर सुट्टीच्या दिवशी स्वखर्चानं येईन. वर्ग बघायचा असेल तर कुठल्याही कामाच्या दिवशी परिपाठ संपताना या. आधी कळवायची गरज नाही.

आपली,
पाटण तालुक्यातली पहिली-दुसरीच्या वर्गाची एक शिक्षिका